झोपेसाठी कर्ज मागणाऱ्या ताई



मी विक्रोळीहून बोलतेय. इथल्या कन्नमवार नगरातल्या आणि पार्कसाइटच्या वस्तीतल्या बचत गटांचं काम मी बघते. तुम्ही म्हणाल, मुंबईची बाई आम्हाला काय सांगणार! पण आमच्या गटातल्या कितीतरी जणी पाटण, जावळी, आजरा, चंदगड, संगमेश्वर अशा कुठून कुठून लग्न होऊन इथे आलेल्या आहेत. गावाला भाताची लावणी केलेले हात इथे पोळीभाजीचे डबे भरतात, एवढाच फरक. तेव्हा आजचा विषय तुमचाही आहे आणि आमचाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. एका गटाची मासिक बैठक चालू होती. हजेरी झाली, बचत मोजून झाली, अंतर्गत कर्जाच्या मागण्या लिहायला मी वही उघडली. एकीला मुलाच्या फीसाठी पैसे हवे होते, दुसरीला शिलाई मशीनच्या मोटारीसाठी. तिसऱ्या ताई उभ्या राहिल्या. वय सेहेचाळीस, डबे करण्याचा व्यवसाय. म्हणाल्या, "मला चार हजार पाहिजेत."

कारण विचारलं तर म्हणाल्या, "झोपेसाठी."

सगळ्या हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? ताई मात्र हसल्या नाहीत. खाली बघत बोलायला लागल्या. रोज रात्री दोनच्या सुमाराला जाग येते. छातीतून वाफ निघते, मानेवर आणि तोंडावर चढते, गाऊन घामाने भिजतो, आणि मग लगेच थंडी वाजते. पुन्हा डोळा लागेपर्यंत पाण्याची वेळ होते, की उठायचं. दिवसभर डोकं जड. कणीक मळताना मीठ घातलं की नाही आठवत नाही. सुनेवर उगीच ओरडते आणि मग मोरीत जाऊन रडते. पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली की अंगावरून खूप जातं. शेजारच्या एकीने सांगितलं, बाहेरचं काहीतरी झालंय, उतरवून घे. आणि दुसऱ्या एकीने सुगंधी तेलांची पेटी दाखवली. सहा छोट्या बाटल्या आणि वाफ सोडणारं एक यंत्र, मिळून चार हजार. तिने सांगितलं, महिनाभर हुंगलंस की हार्मोन जागेवर येतील, आणि तुझ्या त्या बीपीच्या गोळ्याही सुटतील.

हे ऐकून हसणं थांबलं. हसणाऱ्यांतल्या चार जणी तर म्हणायला लागल्या, "अगं, मलाही असंच होतंय."

कर्ज द्यायचं की नाही हे गट ठरवतो, पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बीए झालेय, तेही मराठी घेऊन. मला या तेलांतलं काय कळणार? मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत मुदत द्या. मधल्या दिवसांत दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारलं, नर्स असलेल्या नात्यातल्या बहिणीला विचारलं, मिळालं ते वाचलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी शरीराचं. सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात. आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. पण पाळी एका दिवसात जात नाही. त्याआधीची चार-पाच वर्षं, काहींची त्याहून जास्त, शरीर जाऊ की राहू करत असतं. बीजकोशांतून तयार होणारं इस्ट्रोजेन कधी खूप वर जातं, कधी एकदम खाली येतं. या मधल्या काळाला डॉक्टर पेरिमेनोपॉज म्हणतात. आपल्याकडे त्याला धड नावही नाही. "तिचं वय झालंय" किंवा "तिचं डोकं फिरलंय" एवढ्यावर भागवतात.

वाफा का येतात? अंगातली उष्णता सांभाळणारं एक केंद्र मेंदूत असतं. थोडं गरम झालं तर ते सोडून देतं, फारच तापलं तर घाम आणतं. इस्ट्रोजेन कमी-जास्त व्हायला लागलं की हे केंद्र हळवं होतं. कुकरची शिट्टी सैल झाली की थोड्या वाफेलाही वाजते, तसंच. अंग खरं तर तापलेलं नसतं, पण शिट्टी वाजते. मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, तोंड लाल होतं, घाम सुटतो आणि अंग गार पडतं. रात्री हेच झालं की झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड, विसरभोळेपणा, रडू. यात बाहेरचं काही नाही. लिंबू-मिरचीचे पैसे वाचवा.

आता वासाकडे येते. डोळ्याने बघितलेलं आणि कानाने ऐकलेलं मेंदूत एका चौकीवरून पुढे जातं. वासाला ती चौकी लागत नाही. नाकातल्या मज्जातंतूंकडून निरोप थेट अशा भागाशी पोचतो जिथे भीती, राग, माया आणि जुन्या आठवणी असतात. म्हणून तर ओव्याच्या आणि बाळंतशेपांच्या धुरीचा वास आला की आईच्या घरची बाळंतिणीची खोली आठवते आणि उटण्याच्या वासाने दिवाळीची पहाट. विक्रोळीला पूर्वी साबणाच्या कारखान्याचा वास यायचा. आमच्या आत्या अजून सांगतात, त्या वासाने वाटायचं आलं बाई घर. अंगाला शांत करायचं कामही असं नाकातून होऊ शकतं. श्वास लांब होतो, छातीची धडधड थोडी उतरते, मन दुसरीकडे वळतं.

वासाने बरं वाटतं हे आपल्याला जुनंच ठाऊक आहे. अरोमाथेरपी हे नाव मात्र फ्रान्समधल्या रने मोरिस गातफोसे नावाच्या रसायनतज्ज्ञाने दिलं, आणि त्या नावाचं पुस्तक १९३७ साली काढलं. प्रयोगशाळेत त्याचा हात भाजला होता आणि त्यावर त्याने लॅव्हेंडरचं तेल वापरलं होतं. तेव्हापासून जगभर या तेलांचा बाजार वाढत गेला.

मग आपल्या वाफांवर आणि झोपेवर याचा उपयोग होतो का? लोकांनी तपासून बघितलंय. इराणमध्ये ४५ ते ५५ वयाच्या १०० बायकांना बारा आठवडे रोज दोन वेळा वीस मिनिटं लॅव्हेंडरचा वास दिला. तेवढाच काळ वेगळं, लॅव्हेंडर नसलेलं काही हुंगायला देऊन तुलना केली. हा अभ्यास २०१६ साली छापून आला. लॅव्हेंडरच्या काळात वाफा कमी झाल्या. तिथलाच आणखी एक अभ्यास २०१२ चा आहे. त्यात काही बायकांना सुगंधी तेलाने मालिश केलं, काहींना वास नसलेल्या तेलाने, आणि काहींना काहीच नाही. सुगंधी तेलवाल्यांना सगळ्यांत जास्त बरं वाटलं. पण साध्या तेलाचं मालिश झालेल्यांनाही बरं वाटलंच. मला यातलं हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी अर्धा तास आपल्या अंगाला प्रेमाने हात लावला, आपल्यासाठी वेळ काढला, यालाच अर्धा गुण आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरबाईंनी सांगितली. गोळीची परीक्षा घेताना निम्म्या लोकांना खोटी गोळी देता येते, कुणाला कळत नाही. वासाचं तसं करता येत नाही. नाकाला कळतंच कुठला वास खरा. त्यामुळे वासाने किती गुण आला आणि "आता बरं वाटणार" या विश्वासाने किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. अभ्यासही छोटे छोटे आहेत. तेव्हा वासाने मन निवतं, झोपेला मदत होते, वाफांचा त्रास थोडा सुसह्य होतो, एवढं म्हणायला हरकत नाही. हार्मोन जागेवर येतील, बीपीची गोळी सुटेल, असं जी सांगते तिचं ऐकू नका. बीपीची गोळी मनाने सोडली तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. आमच्या ताईंना आम्ही सगळ्यात आधी हेच विचारलं, गोळी चालू आहे ना? चालू होती, देवाची कृपा.

आता बाटल्यांच्या किमतीचं गणित. ही तेलं पाला-फुलं वाफेवर उकळून, ती वाफ गार करून काढतात. एक क्विंटल गवती चहापासून साधारण अर्धा किलो तेल मिळतं. तो चहा खूप येतो म्हणून ते तेल परवडतं. गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. आता सांगा, पन्नास रुपयांच्या बाटलीत गुलाबाचं तेल कुठून येईल? त्यात बहुतेक कारखान्यात बनवलेला वास असतो. खोलीत शिंपडायला चालेल, पण खऱ्या तेलाची किंमत त्याला देऊ नये. भेसळ काही आजची नाही म्हणा. आपल्या खानदेशात, पिंपळनेर-नंदुरबारच्या बाजूला, रोशा गवताचं तेल काढायच्या भट्ट्या इंग्रजांच्या काळात जोरात होत्या. सांधे दुखले की लोक ते चोळायचे. ते तेल मुंबई बंदरातून बाहेर जायचं आणि पुढे तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. म्हणजे तिकडचे लोक गुलाब म्हणून आपलं खानदेशी गवत लावायचे! आणि त्या रोशा तेलातही इथे टर्पेंटाइन घालणारे होतेच.

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. पांढऱ्या कागदावर थेंब टाका आणि तासाभराने बघा. भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग उरला तर त्यात स्वस्तातलं खायचं तेल मिसळलेलं असू शकतं. डाग उरला नाही म्हणून तेल अस्सल, असं मात्र नाही, कारण कारखान्यातला वासही उडून जातो.

लॅव्हेंडर आपल्या हवेत सहज होत नाही. ते थंड प्रदेशातलं झाड आहे. आपल्या देशात जम्मूकडच्या भदरवाहचे शेतकरी आता ते लावतात. पण लॅव्हेंडरमध्ये जो मुख्य सुवासिक घटक आहे, लिनालूल, तोच आपल्या धण्यांच्या तेलातही भरपूर असतो. आपल्या मसाल्याच्या डब्यात काय काय आहे, हे आपल्यालाच माहीत नसतं.

आमच्या बायकांनी मग ठरवलं, चार हजारांची पेटी बाजूला ठेवू आणि आधी घरातलं करून बघू. काय केलं ते सांगते, पण हे औषध म्हणून ऐकू नका.

गवती चहाच्या पाच-सहा पाती धुऊन, पुसून, हाताने चुरगळायच्या आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधून उशीजवळ ठेवायच्या. तुमच्याकडे परसात असेल तर फुकट, आमच्याकडे भाजीवाल्याकडून जुडी घ्यावी लागते. दोन दिवसांनी पाती वाळली की बदलायची. ज्यांना मोगरा आवडतो त्यांनी चार फुलं वाटीत ठेवली. मुंबईत मोगरा विक्रमगड-जव्हारकडून येतो. संध्याकाळी गाडीवर उरलेली फुलं स्वस्तात मिळतात. एकीला मात्र मोगऱ्याने डोकं चढलं, तिने बंद केलं. प्रत्येकीच्या नाकाला वेगळं मानवतं. ज्या वासाने तुम्हाला शांत वाटतं तोच तुमचा. मैत्रिणीने सांगितलं म्हणून नावडता वास रात्रभर उशाशी ठेवू नका.

वाळ्याची जुडी धुऊन प्यायच्या पाण्याच्या माठात टाकली. उन्हाळ्यात आपण टाकतोच. रात्री उठलं की त्या पाण्याचे दोन घोट घ्यायचे. वाफ येतेय असं वाटलं की ओल्या फडक्याने मान आणि मनगटं पुसायची.

आणि सगळ्यांना आवडलं ते म्हणजे काशाची वाटी. आमच्या आज्या तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने घासायच्या, वाटी काळी पडायची आणि आपण म्हणायचो उष्णता निघाली. ते काळं धातू आणि तेलाच्या घासण्याने येतं असं माझी नर्स बहीण सांगते, उष्णता वगैरे काही नाही. असो. पाय हलके होतात आणि झोप लागते हे खरं. खोबरेल घेतलं, दहा मिली म्हणजे दोन चहाचे चमचे, आणि त्यात गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब. दोनच. एवढ्याने शंभरात एक भाग होतो आणि कातडीला तेवढं पुरतं. जास्त घातलं म्हणजे जास्त गुण, हे भाजीतल्या तिखटासारखं आहे, शेवटी आग होते. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबायचं. खाज आली, लाल झालं तर ते तेल आपलं नाही.

एकटीने हे करायला कंटाळा येतो. म्हणून आठवड्यातून एकदा दोघी-दोघींनी एकमेकींचे पाय चोळायचे ठरलं. पहिल्या दिवशी लाजून हसत होत्या. "मी कधी कुणाकडून पाय चोळून घेतले नाहीत गं," असं एक म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बावन्न वर्षांची बाई.

वासाबरोबर बाकीचंही बदललं, नाहीतर वास बिचारा एकटा काय करणार. संध्याकाळी सहानंतर चहा पावडर बंद. ज्यांना कपाची सवय सुटेना त्यांनी गवती चहा आणि आल्याचं नुसतं पाणी घेतलं, तेही जेवणाच्या आधी, म्हणजे रात्री लघवीला उठायला नको. मिसरीचा विषय काढला तर सगळ्या इकडेतिकडे बघायला लागल्या. सख्यांनो, मिसरी म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखू झोप उडवते. रात्री मिसरी लावून झोप येत नाही म्हणायचं, म्हणजे दार उघडं ठेवून मांजर आली म्हणायचं. नायलॉनचा गाऊन जाऊन सुती आला. झोपायच्या आधी मोबाइलवरची मालिका बंद करणं, हे मात्र निम्म्यांना जमलं नाही. मलाही जमत नाही.

आता धोक्याचं. हा भाग नीट ऐका.

सुगंधी तेलं पोटात घ्यायची नाहीत. थेंबभरही नाही, मधातून नाही, चहातून नाही. कापूर आणि निलगिरीचं तेल लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. चुकून गिळलं तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ज्या बाईला फिट येतात तिने या दोन्हींपासून लांब राहावं. तेल न मिसळता नुसता थेंब कातडीला लावू नका, डोळ्याजवळ नको. आणि अवघड जागी कोरडेपणा येतो, आग होते, तेव्हा काही जणी तिथे तेल लावतात. असं करू नका, भाजतं. त्यासाठी वेगळी मलमं आहेत. डॉक्टरांना लाजत लाजत का होईना, पण सांगा.

धुरीचा वास कितीही आवडत असला तरी खिडकी-दार बंद करून निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपायचं नाही. निखाऱ्यांतून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दमा असलेल्या घरात अगरबत्ती आणि धूपही बेतानेच. आणि वाफ घेणं सर्दीला ठीक, पण ज्या बाईला गरम वाफा येताहेत तिने तोंडावर आणखी वाफ घेऊन काय मिळवायचं?

आणखी एक. पाळी दोन-तीन महिने आली नाही म्हणून आता दिवस राहणार नाहीत असं धरू नका. बारा महिने पुरे होईपर्यंत राहू शकतात. आमच्या ओळखीत एकीला बेचाळिसाव्या वर्षी पाचव्या महिन्यात कळलं. ती पाळी गेली असंच समजत होती.

आणि ज्याला वास अजिबात पुरणार नाही ते. तासा-दोन तासांत पॅड किंवा कापड पूर्ण भिजतंय, गाठी जाताहेत, आठवड्याच्या वर रक्त जातंय. बारा महिने पाळी बंद होती आणि पुन्हा डाग दिसला, भले थेंबभर. संबंधानंतर रक्त येतंय. अंगावरून घाण वासाचं जातंय. स्तनात गाठ लागतेय. वजन कारण नसताना उतरतंय. यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दवाखाना. वय झालं म्हणून होतंय असं कुणी म्हटलं, सासूने म्हटलं, नवऱ्याने म्हटलं, तरी. दोन आठवड्यांच्या वर मन खूप खाली गेलं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर आशाताईला सांगा किंवा १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फिरवा. मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आमच्या गटातल्या आणखी एका ताईंचं सांगते. त्या रोज गवती चहाची पुरचुंडी घेऊन झोपायच्या आणि म्हणायच्या काही फरक नाही, दिवसभर धाप लागते, पाय गळतात. आम्ही म्हणत होतो, धीर धर. महिन्याने त्यांना रक्त तपासायला नेलं. हिमोग्लोबिन सात. अंगावरून इतकं जात होतं आणि त्या कुणाला सांगत नव्हत्या. त्यांना लागलं ते लोह आणि उपचार. आम्ही महिनाभर त्यांना वास देत बसलो, ही आमची चूक. म्हणून आता आमचा नियम आहे, आधी हिमोग्लोबिन, बीपी, साखर आणि डॉक्टर म्हणतील तर थायरॉइड, मग बाकीचं. थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड, झोप न लागणं हेच सगळं होतं. बीपी आणि साखर तुमच्या उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने ती तपासून घ्यायचीच असते.

एवढ्यासाठी दवाखान्यात गेलं की काही ठिकाणी लगेच सांगतात, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. इथे थांबा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक तर चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास चार-पाच वर्षांत हळूहळू यायचा तो एका रात्रीत येतो. वाफा, झोप, हाडं ठिसूळ होणं, सगळं एकदम. कधी कधी पिशवी काढावीच लागते, ते खरं आहे. पण दुसऱ्या डॉक्टरांचं, जमलं तर जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. आणि "बीजकोशही काढणार का?" हा प्रश्न नक्की विचारा.

वाफा अगदी असह्य असतील तर त्यावर डॉक्टरांकडे औषधं आहेत. काही हार्मोनची, काही बिनहार्मोनची. प्रत्येकीला सगळी चालत नाहीत. कर्करोग झालेला असेल, रक्ताची गुठळी झालेली असेल, तर हार्मोनची औषधं बहुधा देत नाहीत. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या बाईने सुगंधी तेलंही डॉक्टरांना विचारूनच वापरावीत.

आता तुम्ही विचाराल, त्या ताईंचं पुढे काय झालं?

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. त्या घरी गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "मी तुझ्यावर ओरडते ते तुझ्यामुळे नाही गं, मला असं असं होतंय." सून म्हणाली, "आई, मला वाटायचं मी तुम्हाला आवडतच नाही." आता रात्री डबे धुऊन झाले की सून पाच मिनिटं सासूबाईंचे तळपाय वाटीने घासते. ताईंना अजून जाग येते. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. गवती चहाची पुरचुंडी हुंगत पडून राहतात, कधी झोप लागते, कधी लागत नाही. बीपीची गोळी चालू आहे. अंगावरून जाणं खूप होतं म्हणून सोनोग्राफी केली, छोटी गाठ निघाली, डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

कर्ज त्यांनी घेतलंच, पण अठराशेचं. खोलीत सहा माणसं झोपतात, छताचा एकच पंखा आणि त्याचा वारा मधल्यांना. ताई झोपतात भिंतीकडेला. त्यांनी एक टेबल फॅन घेतला आणि उशाशी ठेवला. वहीत कारण काय लिहू म्हणून मी विचारलं, तर सगळ्या एकदम म्हणाल्या, "झोप लिही." मी तेच लिहिलंय. दोन हप्ते फिटलेत.